दस्त्याचा वाटा

लिहा मास्तर, मी सुतार, माझा बावा सुतार, त्याचा बावा पण सुतार. खाडीकाठची आमची मुसलमानांची वाडी, लोकं बोटीवर जायची, कुणी आफ्रिकेला जायची, आमचं घर मात्र लाकडाला चिकटलेलं. होड्या, दरवाजे, पाळणे, कबरीच्या फळ्या, सगळं आमच्या पडवीतनं जायचं, आणि काय सांगू तुमाला, बंदुकीचे दस्ते पण जायचे. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला लावतात तो. रानडुकरं शेत खायची म्हणून गावात परवान्याच्या दोन-चार बंदुका, त्यांचे दस्ते बावा बसवायचा. आधी माणसाला उभा करायचा, हात बघायचा, मान बघायची, गालाचं हाड बघायचं. म्हणायचा, अंगरखा मापात नसला तर माणूस वाईट दिसतो, दस्ता मापात नसला तर माणूस वाईट मारतो.

आणि आमच्याकडे एक रीत व्हती. शिकार झाली की वाटे पडायचे, हाकाऱ्यांचे वाटे, मारणाऱ्याचा वाटा, आणि एक वाटा बंदुकीचा. त्या बंदुकीच्या वाट्यातला एक तुकडा दस्ता घडवणाऱ्याच्या घरी जायचा, तो सुतार जिता असेपर्यंत. मजुरी घेतलेली असली तरी जायचा. वरच्या वाडीतला दत्ताराम, बावाचा दोस्त, तो तर भेकर मारायला निघाला की आमच्यातला एक माणूस सुरी घेऊन बरोबर न्यायचाच. कशाला, तर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली पायजे, नायतर सुताराचा वाटा त्याच्या घरात शिजणार कसा. आता बोला. एवढी अक्कल त्या माणसाला, अंगठेबहाद्दर व्हता बिचारा.

तर मी सौदीला गेलो, रियाधच्या खाली अल खर्जला, एका मोठ्या गाईंच्या शेतावर सुतार म्हणून. मालकाला सगळे अबू नासिर म्हणायचे, तोच माझा कफील, म्हणजे माझ्या व्हिसाचा धनी, माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात. माणूस नमाजी, पण चिकट असा की गूळ बरा. दोन वर्षं मी त्याचे दरवाजे, गव्हाणी, खुराडी केली, रजेचा माझा हक्क झालेला. आणि नेमकं तवाच इराकवाला कुवेतमध्ये घुसला, आणि नेमकं तवाच गावाहून निरोप आला की बावाला लकवा मारलाय, उजवी बाजू गेली, तुझं नाव घेतो. मी कफीलकडे गेलो, म्हटलं बावा आजारी हाय, एक्झिटचा शिक्का द्या, कफीलच्या त्या शिक्क्याबिगर देश सोडता येत नाय. तो म्हणाला, इन्शाल्ला. मास्तर, इन्शाल्ला हा माझ्या पण तोंडातला शब्द हाय, पण त्या माणसाने त्याचं जे केलं ना, शी. बुकरा म्हणायचा, म्हणजे उद्या, आणि तो उद्या काय कधी उजाडायचा नाय.

त्याचा पोरगा नासिर, अमेरिकेत शिकायला जाऊन काय शिकला देव जाणे, एक खूळ घेऊन आला. तिथे म्हणे तीन बंदुकांचा खेळ असतो. आधी छऱ्याची शॉटगन, मग पळत जाऊन रायफल, मग पळत जाऊन पिस्तूल, घड्याळ लावून, कोण लवकर सगळे नेम पाडतो ते बघायचं. शेजारच्या शेतांवरची त्याच्याचसारखी रिकामटेकडी पोरं जमली, सगळ्यांनी नव्या कोऱ्या बंदुका आणल्या. ह्याच्या बापाने पैसे द्यायला चक्क नकार दिला. म्हणाला, आजोबाची शिकारीची हाय ना घरात, तिच्यावरच खेळ, रायफल नि पिस्तूल दोस्तांकडनं माग. म्हणून ती दुनळी घेऊन नासिर माझ्या खोपट्यात. म्हणाला, तू गावाकडे दस्ते करायचास म्हणतोस, हिला त्या खेळाची करून दे, खर्च नको, आणि मी जिंकलो तर बाबांकडनं तुझा शिक्का मी आणतो. वल्लाही म्हणाला. अल्लाची शपथ घेतली त्याने मास्तर, माझ्या तोंडावर.

मग काय, मी कंबर कसली. आजोबा असणार ताडमाड आणि हा बुटका, दस्ता त्याच्या काखेत अडकायचा. मी त्याला उभा केला, बावासारखा, हात बघितला, मान बघितली. दस्ता कापून लांडा केला, गालाची बाजू रंध्याने उतरवली, मग परत उतरवली. धक्का बसू नये म्हणून मागे रबर लावलं, ते मोडक्या दूध काढायच्या मशीनचं. घामाने हात सरकू नये म्हणून मुठीला पटाशीने बारीक रेघा मारल्या. दुनळी म्हणजे दोनच बार, बाकीच्यांच्या बंदुका पाच-पाच बार मारणाऱ्या, म्हणून काडतुसं हाताशी पायजेत, तर गाईच्या जुन्या पट्ट्याचं चामडं काढून दस्त्यालाच घरं शिवली, मनगटाला अडकवायला एक पट्टा शिवला. नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी झिजलेली, तिथे पितळेचा मणी बसवला. एका रियालचं सामान नाय बाहेरचं, सगळं भंगारातलं. आणि खोटं कशाला बोलू, हात फिरवला तर ते अक्रोडाचं लाकूड असं गार नि गुळगुळीत, मला बावाच आठवला.

वरनं विमानं जायची, दिवसभर घरघर, जवळच तळ व्हता. कुवेतकडनं पळून आलेली आपलीच माणसं अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्याला बसलेली. कफीलच्या घरी विषारी वायूपासून वाचायचे मुखवटे आले, नोकरांच्या खोलीत मुकादम सांगून गेला, सायरन झाला की ओलं फडकं तोंडाला लावा. फडकं पण आपलंच. आणि असल्या दिवसांत ह्यांचा खेळ. थू त्यांच्या जिनगानीवर.

मला घेऊन गेले, बंदुकीचं काय बिघडलं तर असावा म्हणून. वाळवंटात गालिचे टाकलेले. नेमाला काय ठेवलं व्हतं, तर कलिंगडं, आमच्याच शेतातल्या दुधाने भरलेले डबे, आणि पिंजऱ्यातली जिती कबुतरं, ती उडवायची आणि मारायची. पडली ती पडली. कुणी उचलायला नाय, कुणी सुरी फिरवायला नाय, पंख फडफडतायत वाळूत, आणि ही पोरं पेप्सी पितायत. मी एकाची मान धरून बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली तर नासिर हसला, म्हणाला, रफीक, भूक लागली काय. तिथे आपल्या सगळ्या नोकरांना रफीकच म्हणतात.

आणि जिंकला की हो तो! बंदूक खांद्याला अशी बसली जशी त्याच्या हाडातनंच फुटली. नव्या बंदुकावाले बघत राहिले. माझ्या काळजात कारंजं उडालं, म्हटलं चला, रिझवान, बावा भेटला तुला.

संध्याकाळी पोरांचे बाप पण आले, मोठ्या थाळ्यात मेंढा आला. त्यांचं खाऊन झालं तेव्हा उरलेला थाळा नासिरने माझ्यापुढे सरकवला, हा तुझा हिस्सा. मी म्हटलं, गोश्त नको, शिक्का. तो बापाकडे बघायला लागला. अबू नासिरने दाढीवरनं हात फिरवला आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, ह्या सगळ्या पोरांच्या बापांनी त्यांच्या बंदुका दस्ते बसवायला तुझ्याकडे द्यायचं ठरवलंय, आता असा हात मी कसा सोडू, बुकरा बघू. आणि सगळे हसले. नासिर पण हसला, वल्लाहीवाला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, हितं त्यांची गरजच सरत नव्हती. वाईट काम केलं असतं तर लाथ मारून घरी पाठवलं असतं मला, पण वाईट दस्ता करायचा कसा ते बावाने कधी शिकवलंच नाय.

मग लढाई पेटली, विमानतळ बंद. सायरन वाजायचा, मी ओलं फडकं लावून बसायचो, आणि सकाळी उठून कुणातरी बिनडोकाच्या बंदुकीला रबर चिकटवायचो. त्यातच बावा गेला. लढाई संपल्यावर शिक्का मिळाला, हत्ती गेला आणि शेपूट हातात आलं.

घरी आलो, मा उंबऱ्यातच बसलेली. म्हणाली, फळ्या पलीकडच्या गावातनं मागवल्या रे, घरात सुतार नव्हता. मास्तर, सगळ्या वाडीच्या कबरींना फळ्या आमी दिल्या. माझ्या बावाच्या अंगावर परक्याच्या हातच्या फळ्या, त्या पण नीट रंधलेल्या नव्हत्या म्हणतात. हे एवढंच मी त्या बापलेकांना माफ केलेलं नाय, बाकीचं सगळं गेलं खड्ड्यात.

चार-सहा दिवसांनी दत्ताराम आला, हातात पानात बांधलेलं. मी म्हटलं, दत्तारामदादा, आता कसला वाटा, सुतार तर गेला. तो चिडलाच. म्हणाला, गेला तो माणूस, दस्ता कुठं गेलाय, तो माझ्या खांद्याला हाय. आणि काळजी नको, सुरी तुमच्या वाडीतल्या कासमने फिरवलीय. तवा मी रडलो, तोवर रडलो नव्हतो.

आता दत्ताराम पण नाय. शिकार बंद, बंदूक इलेक्शन आली की चौकीत जमा होते, एरवी त्याचा पोरगा आंब्याच्या बागेतले वानर हुसकायला बार काढतो, बस. मी पण दस्त्याला हात लावत नाय, कुणी कितीबी पैसे देवो. पण वैशाख लागला की त्या पोराची रिक्षा दारात येते, एक पेटी हापूस उतरते. ही बघा कोपऱ्यात, कालच आली. मी दर साली विचारतो, पैसे किती रे? तो दर साली म्हणतो, चाचा, पैसे कसले, दस्त्याचा वाटा हाय. अल्ला त्याच्या बागेला बरकत देवो. घ्या, तुमी पण एक घ्या, बावाचा हाय.