मूठ पिळली की निघाली

वसमतला परवान्याचा कॅम्प लागला होता. गाडी चालवून दाखवायच्या रांगेत निलम क्लच, ब्रेक, गिअर घोकत होती. तिच्या पुढं तांड्यावरच्या साठीच्या जिवनबाई गाडी धरून उभ्या होत्या, अन् सोबतीला आलेल्या खुर्शीदबींचं तोंड थांबत नव्हतं.

“जिवनबाई, नवी लुना! हिला आवाज कसा न्हाई?”

“बॅटरीची हाये. लेकानं घेतली. तीस वर्सं ती पेट्रोलची, पायडलवाली व्हती ना.”

“ती दवाखान्यातल्या नर्सबाईची?”

“व्हय. बदली झाली तवा मलाच देऊन गेल्या. गिअर न्हाई, क्लच न्हाई. मूठ पिळली की निघाली. पेट्रोल सरलं तर पायडल मारत घरी.”

“आमची अफशीन तिच्यावरच शिकली. हळदीच्या ढिगाला दोनदा धडकली!”

“अन् आता अँब्युलन्स चालवती. एकोणचाळीस पोरी शिकल्या त्या गाडीवर. एकीचं हाड मोडू दिलं न्हाई म्या.”

“या अल्ला! एकोणचाळीस?”

“सुना धरल्या न्हाईत त्यात.”

निलमनं आ वासला अन् विचारलं,

“मग आजवर परवाना काहून न्हाई काढला?”

“तांड्यावर कोन इचारतं, बाई? आता नातीला रोज वसमतच्या शाळेत सोडायचं हाये. तिला घेऊन बिनपरवान्याचं न्हाई जमायचं.”

तेवढ्यात साहेबांनी नाव पुकारलं. जिवनबाईंनी पदर खोचला अन् गाडी पुढं घेतली.

“मावशी, घाबरू नका. याआधी कधी चालवली का?”

“थोडीफार, साहेब.”