जुन्या मॉनिटरच्या मागे

एलसीडीला मी एवढा विरोध का केला, असं विचारता ना? ऐका मग.

केळीच्या गाड्यांचं काम पाहायला मुलाने घरात कॉम्प्युटर ठेवला होता. त्याचा मॉनिटर जुना, पेटीएवढा. एक दिवस मुलगा म्हणाला, "आबा, हा काढून पातळ एलसीडी आणतो."

"चालतोय ना? मग राहू दे."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "हे बरोबर म्हणतात. जुनाच मजबूत आहे."

मुलगा चमकला. "तुमचं दोघांचं कधीपासून जमायला लागलं?"

त्याने सरळ मॉनिटर उचलला. मागे खव्याच्या मावा जलेबीची पुडी आणि मशेरीची डबी. डॉक्टरने मला गोड बंद केलेलं, हिला मशेरी. लपवायला दोघांना जागा एकच सापडली होती. एकमेकांचं पाहून आम्ही गप्प होतो.

"हे कोणाचं?"

"मशेरी माझी," मी झटकन म्हणालो.

"जलेबी माझी," ही म्हणाली.

मुलगा माझाच. म्हणाला, "मग लपवता कशाला? घ्या ना, माझ्यासमोर घ्या."

हिने मिटक्या मारत अख्खी जलेबी संपवली. मी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, पण बोललेला शब्द मागे घेणारा मी नाही. बोटभर मशेरी दातांना लावली. मिनिटात घर फिरायला लागलं.

"आबा, आणू ना एलसीडी?"

तोंड उघडायची सोय नव्हती. मी भिंत धरली आणि होकारार्थी मान डोलावली.