उशीवरचं अंडं

— तो नका उचलू साहेब, तो नुसता गोटा. त्याच्या शेजारचाही गोटाच. खालची अख्खी फळी गोट्यांची आहे, मी सांगते ना! म्युझियममधून एवढ्या लांब आलात, उगीच त्या भिंगाला कशाला दमवता? हे आत दाढी करतायत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय, शेजारच्या चार घरांत सांगून झालंय — आज म्युझियमचे साहेब येणार, डायनॉसोरचं अंडं बघायला. येतीलच सगळे आता. चहा घ्या, निवतोय.

मला कसं कळतं? अहो, लग्न झाल्यापासून या घरात दुसरं बोलणं नाही. हे पुस्तकं मोठ्यानं वाचायचे, मी भाजी चिरता चिरता ऐकायची. वाचणाऱ्याच्या डोक्यातून गेलं, ऐकणारीच्या डोक्यात राहिलं. गोल आहे म्हणून अंडं होत नाही — नदीही दगड गोल करते, मातीत एखाद्या कणाभोवती थरावर थर बसूनही गोळा होतो. फोडला की आतबाहेर एकच, नाहीतर कांद्यासारखे पापुद्रे. अंड्याला कवच लागतं. काचेच्या पेल्याच्या काठाएवढं जाड, आतल्या दगडापेक्षा निराळं, वर बारीक बारीक पुटकुळ्या, हवेची भोकं. कडेनं भिंग लावलं की उभ्या काड्या एकीला एक चिकटून. बरोबर ना? हसताय म्हणजे बरोबर. यांचं मात्र दिसला गोल की अंडं! आणि पाहुण्यांसमोर काय म्हणायचे — ‘आमच्या मंडळींना दगड न् अंड्यातला फरक कळत नाही, एक दिवस ऑम्लेट करायला घेतील.’ सगळे हसायचे. मीही हसायची. काय करणार, हसणाऱ्यांचा चहा मीच करत होते ना.

ते उशीवरचं? बघा की, खुशाल बघा. ते यांचं लाडकं. उशी मीच शिवलीय, लेकीच्या बाळाच्या दुपट्याची. दुपटं राहिलं होतं इथे. बाळ कुठलं राहायला — आलं होतं एकदाच, रांगत होतं नुकतंच. गेलं फळीपाशी, ते अंडं ओढलं खाली, लोटत लोटत पार दारापर्यंत नेलं, आणि काय खिदळत होतं! — आणि यांनी… एवढंसं पोर हो. गालावर पाची बोटं उठली. लेकीनं बाळ उचललं. दोरीवरची ओली झबली तशीच ओढली, पिशवीत कोंबली न् गेली. फोन करते. येत नाही. आणि हे त्या संध्याकाळी काय करत बसले होते? अंड्याला चीर गेली का ते चाचपत.

नाही ना काही? दगडच ना? मी म्हणत नव्हते! मग शेजारी जमले की मोठ्यानं सांगा हं, पुटपुटू नका. यांना दिसत नाही धड, मोतीबिंदू पिकलेत, पण कान शाबूत आहेत. बोटांनी बघतात सगळं. परवा म्हणाले, ‘गुळगुळीत लागतंय गं हल्ली.’ म्हटलं, हात फिरवून फिरवून तुम्हीच झिजवलंत.

काय? कुठे? त्या खळग्यात? … दाखवा बघू. — अगंबाई! तेवढं राहिलं होय?

नाही, म्हणजे — धुते ना मी. धूळ बसते. नुसत्या पाण्यानं कुठलं जायला, मग संडास धुवायचं अ‍ॅसिड, जुन्या टूथब्रशनं, थेंब थेंब. काय फसफसतं साहेब! साबणाच्या फेसासारखं विरतं कवच — एवढ्या काळाचं, आणि एवढंसं पातळ. घाई नाही केली मी. दुपारी यांना झोप छान लागते. — असे बघू नका माझ्याकडे. एवढ्या पसाऱ्यात खरं अंडं हे एकच होतं, न् तेही यांना कळलं नव्हतं. सुबक दिसलं म्हणून लाडकं. कळलं मला. त्या दिवशी दारात लेकीच्या कडेवर बाळ हुंदके देत होतं, त्याची मूठ सोडवली तर आत कपची. पुटकुळ्यांची. गाल लाल न् मुठीत कपची घट्ट.

द्या इकडे. द्या म्हणते ना! केसात पिन आहे माझ्या… हं. निघालं. फुंकर — नको, मीच मारते.

पुसा ते भिंग. आतला नळ बंद झालाय, हे येतीलच. आता काय सांगणार, कवच होतं? कुठाय? दाखवा की.

— आलात? या, खुर्ची डाव्या हाताला आहे. शर्ट छान दिसतोय हो. शेजारीसुद्धा आलेत बघा सगळे, दारात उभे आहेत. पाहिलं हं साहेबांनी तुमचं अंडं, अगदी भिंग लावून पाहिलं.

सांगा साहेब. … अहो, सांगा ना. मोठ्यानं.