दादासाठी डोनर

चहा आधी संपवा, कारण गोष्ट माझ्या दादाच्या जुलाबाची आहे. दाढेच्या दुखण्यासाठी त्यानं अँटिबायोटिक घेतलं अन् जुलाब सुरू झाले. औषधानं थांबायचे, पंधरा दिवसांत परत यायचे. तिसऱ्यांदा त्याले भरती केलं तेव्हा तो पार काडी झाला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मेले, म्हणून हे परत परत होऊन राहिलं. आता निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून आत सोडावी लागेल."

दादानं हळूच विचारलं, "कोणाची?"

तपासणीत मी नापास, वहिनीही नापास. उरला दादाचा बीरगांवचा साळा, म्हणजे वहिनीचा भाऊ, ज्याच्याशी दादा चार वर्षं बोलत नव्हता. शेवटी दादानंच त्याले फोन लावला अन् अडखळत काय पाहिजे ते सांगितलं.

साळा म्हणाला, "बस एवढंच, भाऊजी? मले वाटलं किडनी मागून राहिले."

तो पास झाला अन् दादा खरंच बरा झाला. परवा जेवताना दादा सासरच्यांबद्दल वाकडं बोलला. वहिनी भात वाढत शांतपणे म्हणाली, "जपून बोला. तुमच्या पोटात आता माझं माहेर आहे."