हळद-मीठ लावलेली कलेजी

माझं माहेर नरसी नामदेवाकडचं, दिलं जवळा बाजारच्या पल्याड. जमीन थोडकी अन् कोरडवाहू, म्हणून घर चाललं ते शेळ्यांवर. कोणती शेळी कवा व्याली, कोणाला काय चारलं, सगळं माझ्या तोंडपाठ. आमचे मालक म्हणतेत, हिला झोपेत विचारलं तरी सांगंल. व्हय, सांगंन.

तर काय सांगू तुमाला, सोयाबीनच्या सुगीत आमची करडं मरू लागली. सांजंला उड्या मारून राहिलेलं करडू सकाळी ताठ. बरं, रोडकं मरंना, जे गुटगुटीत तेच जायचं. मालकाच्या डोक्यात एकच, किसनभाऊनं फवारायचं औषध घातलं. किसनभाऊ म्हंजे माझे चुलत दीर, वावराला वावर लागून. आमच्या शेळ्यांनी त्यांच्या तुरीचे शेंडे खाल्ले तवा ते चार माणसांत बोलले होते, एक दिवस औषधच घालून ठिवतो. मालक म्हणले, मी पोलिसात जातो. मी म्हणलं, जा, पण बोलले म्हणून घातलंच का, करडू काहून मेलं ते आदी कळू द्या.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईला फोन लावला, त्या म्हणल्या, नमुना तपासावा लागंल. नमुना म्हंजे मला वाटलं मासाचा तुकडा. मेलेल्या करडाची कलेजी मीच काढली, अन् वाटंत नासू नये म्हणून हळद-मीठ चोळून डब्यात घातली. आमच्याकडं हळदीला काय तोटा, मटणाला आमी तसंच करतो. दवाखान्यात बाईंनी झाकण उघडलं अन् बघतच राहिल्या. मावशी, हे तपासू का फोडणीला टाकू? तिथला शिपाई म्हणला, कोथिंबीर राहिली. मी बी हसले. बाई म्हणल्या, मिठानं मास बदलतंय, त्यात काही दिसत न्हाई. आता मेलं तर हात लावू नका, मला बोलवा.

दुसऱ्याच दिवशी सगळ्यात चांगला बोकड गेला. मालक म्हणले, बस झाली तपासणी, निघालो मी ठाण्यात. मी दारात आडवी झाले. म्हणलं, एवढी तपासणी होऊ द्या, इष निघालं तर तुमच्यासंगं मीच येते.

बाई आल्या. बोकड फाडला, आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधला, कलेजीचे, मूत्रपिंडाचे बारके बारके तुकडे औषधाच्या पाण्यात बुडवले, काही बर्फात ठिवले, अन् पोटातलं थोडं इषाच्या तपासणीला येगळं काढलं. किसनभाऊ बांधाच्या पल्याड उभे, कोणी बोलवंना. मी हाक मारली, भाऊ, या की, तुमच्याच नावाचं चाललंय. ते आले अन् बोकडाचा पाय धरून बसले.

पोटात दाणाच दाणा दिसला म्हणून बाईंनी खळ्यावरचा दाणा बंद करायला लावला, अन् नमुने पाठवले. निकाल येईस्तोर मालक जेवले का न्हाई त्यांनाच माहीत. निकाल आला, बाहेरचं इष न्हाई. आंत्रविषार. बाईंनी समजावलं, गवत खाणाऱ्या पोटात एकदम दाणा पडला की आतड्यातले जंतू वाढतेत अन् आतल्या आतच इष करतेत. आमच्या खळ्यावरचं सांडलेलं सोयाबीन करडांनी पोटभर खाल्लेलं, जे जास्त खाणारं तेच आदी गेलं. म्हंजे इष होतं, पण घातलेलं नव्हतं. मी म्हणलं, ऐका आता!

लस टोचायला शेळ्या धरल्या त्या किसनभाऊनंच. मालक मान खाली घालून म्हणले, किसन, माझं चुकलं. तर भाऊ म्हणतेत कसे, वहिनी, आता ह्या तुरीत आल्या तर औषध कशाला, पायलीभर सोयाबीनच घालतो! बाईसुद्धा हसून हसून बेजार.

तवापासून एक बी करडू असं गेलं न्हाई. आता तांड्यावरच्या बाया बी इचारत येतेत, मी सांगते, मेलं तर गुपचूप पुरू नका, कोणाचं नाव घेऊ नका, आदी तपासा. तुमची बी जनावरं सुखात राहू द्या. चला, शेळ्या सोडायची येळ झाली. ते बघा, किसनभाऊ आमच्याच दारात येऊन थांबले, दोन्ही घरच्या शेळ्या आता एकातच जातेत चरायला.