त्याच कॅसेटवर

मरोळच्या दवाखान्यात मालन खोकून बेजार झाली होती. पण मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलायला लागल्या, तसा तिनं खोकलासुद्धा दाबून धरला.

"नाताळ कसा गेला गं, इझाबेल?"

"पोरानं आपली नाताळची जुनी जॅझ गाणी नवीन भरून दिली. सगळी डिस्को केलेली. नुसतं धाडधाड!"

"मग तुझ्या पास्कूची कॅसेट लाव. बिचारा गेला, पण ट्रम्पेट वाजवलेलं ठेवून गेला ना."

"त्याच कॅसेटवर भरलंय."

"काय सांगतेस!"

"म्हणाला, जुनी फार खरखरत होती."

"म्हणजे पास्कूचं ट्रम्पेट गेलं?"

"ट्रम्पेट गेलं. फुंकायच्या आधी दम घ्यायचा ना, तो आवाजपण गेला."

"पोराला बोललीस की नाही?"

"त्यानंच विचारलं, मम्मा, कशी वाटली?"

"मग?"

"झकास म्हटलं."