सप्त्याच्या तेलात तळलेले लावे

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा! खांबाला टेकलेली मंडळी, तुम्हीसुद्धा— झोप काय, घरी आहेच! आज एका तेलाच्या डब्याची गोष्ट सांगणार आहे. पण आधी एक सवाल. आपल्या हातून घडलेली चूक दुसऱ्यानं स्वतःच्या अंगावर घेतली, तर आपण सुटतो का? बोला की! घाईनं माना डोलवू नका. ऐका.

एका गावात रंगनाथ म्हणून एक गृहस्थ. त्याची आई अनसाबाई, गळ्यात तुळशीची माळ. सप्ताह आला की देवळामागच्या चुलीवर पुऱ्या तळायचा मान तिचा. पुरी अशी टम्म फुगायची— अहो मृदंगवाले, हसू नका, अगदी तुमच्या गालांसारखी!

रंगनाथ मात्र मटण-मासे खाणारा. आईनं कधी अडवलं नाही. एवढंच म्हणायची, "अंगणातल्या चुलीवर काय ते कर बाबा. माझ्या जिनसांना हात लावू नको." बस्स! एवढीच अट.

सप्त्याच्या आदल्या दिवशी शहरातून मेहुणा आला. आणलं काय? लावे! मुठीएवढे पाळीव पक्षी, सोलून साफ केलेले. "दाजी, अख्खेच तळायचे हं! तेलात पार बुडले पाहिजेत, नाहीतर मजा नाही."

आई भजनाला गेलेली. रंगनाथनं अंगणात कढई चढवली, घरातलं होतं नव्हतं ते तेल ओतलं— एवढ्यात लावे अर्धे उघडेच राहणार! नजर गेली कोपऱ्यातल्या डब्याकडं. बायको ओरडली, "अहो, ते सप्त्याचं तेल आहे!"

"ओरडू नको. गाळून परत ओततो. तेलाला काय तोंड आहे, सांगायला?"

झालं! आलं-लसणात मुरवलेले लावे, फडक्यानं कोरडे केले, पाय दोऱ्यानं बांधले आणि एकेक सोडला. चर्रर्र! बाहेर काढला तो सोन्यासारखा. मेहुणा बोटं चाटत राहिला. मग तेल निवलं, गाळलं, डब्यात परत गेलं. वर झाकण! मंडळी, झाकण लावलं की देवाला दिसत नाही, असं आपल्याला अजून वाटतं, नाही?

दुसऱ्या दिवशी देवळामागं मोठी कढई तापली. अनसाबाईनं स्वतःच्या हातानं डबा ओतला. तेल तापलं आणि वास उठला! लसणाचा— आणि त्याच्या आडून दुसरा. पीठ मळणाऱ्या बायकांचे हात थांबले. सप्त्याचं सगळं बघणारे बळवंततात्या नाकाला उपरणं लावून पुढं आले. "अनसाबाई, कशाचं तेल हे?"

रंगनाथ लाकडाची मोळी घेऊन तिथंच उभा. आईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. एकदाच! तिला सगळं कळलं.

"माझाच हात चुकला, तात्या. अंगणातलं तळणाचं तेल मीच ह्या डब्यात ओतलं."

"गळ्यात माळ घालून हे असं? उठा चुलीवरून!"

ती उठली. आणि रंगनाथ? आता बोलेल, मग बोलेल... नाही बोलला, मंडळी! मोळी खाली ठेवली आणि निघून गेला.

दुपारी पंगत बसली. नव्या तेलातल्या पुऱ्या, दुसऱ्या बाईच्या हातच्या. रंगनाथ पानावर बसला. समोर भिंतीकडेला आई आधीच्या पंगतीच्या खरकट्या पत्रावळी गोळा करत होती. वाढायची मनाई, म्हणून हे काम! घास तोंडात गेला तो तिथंच फिरायला लागला. आपण वाचलो म्हणावं, तर मान वर होईना.

ताडकन उठला. "थांबा! तेल मी बाटवलं. त्यात लावे तळले मी. आईला ठाऊकसुद्धा नव्हतं!"

मागून एकजण पुटपुटला, "लावे तळले, आणि आम्हाला सांगितलंही नाही!" कुणी हसलं नाही.

आईच डाफरली, "गप बस रे! पानावरून असं उठतात का?"

तात्या हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलं आमचं. उद्या चूल तुमचीच."

"उद्याचं उद्या बघू, तात्या." तिनं पदरानं हात पुसले. "लेकासाठी मी खोटं बोलले, ते माझ्या पदरी. पण इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंत. सकाळी एकाच्या तरी मनात आलं का, की ही बाई असं करायची नाही?"

पंगतीत एकही मान वर झाली नाही, मायबाप! मगाशी एक रंगनाथ खाली बघत होता, आता अख्खा गाव बघायला लागला.

मग सुटलो का आपण? तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं लावे तळले बुवा! नसतील तळले. पण कुणी चूक कबूल केली, की लगेच त्याला चुलीवरून उठवणारे आपणच ना? आणि आपली चूक आईनं, बायकोनं, भावानं गिळली, म्हणून निवांत जेवणारेही आपणच!

आज प्रसादाला बसाल. पहिला घास उचलाल. तेव्हा भिंतीकडेला पत्रावळी उचलणाऱ्या अनसाबाईची एवढी आठवण ठेवा.